मासा आणि कणीस

गावच्या सहकारी भांडाराच्या मागच्या खोलीत एकशे वीस विळे पडून होते आणि त्यांना जळमटं लागली होती. चेअरमननं ते दाखवायला लोहाराला बोलावलं, तेव्हा लोहारीणही मागोमाग गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण नवऱ्याला एकटं पाठवलं की तो काय बोलून बसेल याचा भरवसा नसे.

"दादा, गवत कापणीला महिना उरलाय," चेअरमन म्हणाला. तो मऊ बोलणारा माणूस होता, त्यामुळे वाईट बातमी सांगायला त्याला फार वेळ लागे. "दरसाल तुमच्याकडून विळे घेतो. पण दोन सालांचे मिळून हे एवढे उरलेत. लोक उचलतच नाहीत. आता हे बघा." त्यानं पायानं एक खोकं पुढं सरकवलं. आत कारखान्याचे विळे होते, लाल प्लास्टिकच्या मुठींचे, सगळे एकसारखे.

लोहारानं त्यातला एक उचलला, कानाजवळ नेऊन नखानं वाजवला आणि परत टाकला. "पत्रा आहे. आणि माझे उचलत नाहीत म्हणजे काय? दोन वर्षांत एक तरी तक्रार आली का माझ्याकडे? पूर्वी लोक भांडायचे. ती तिखट काकू दरसाल विळा आणून माझ्या पायांशी आपटायची. आता तीसुद्धा म्हणते, छान आहे. सगळं गाव छान म्हणतंय आणि तू म्हणतोस खपत नाहीत!"

लोहारीण जमिनीकडे बघत राहिली.

"मग तुम्हीच सांगा काय करू."

"लोकांना विचार."

"मी विचारून काय होणार? अर्धं गाव माझं नातेवाईक, आणि उरलेल्या अर्ध्याशी माझं बोलणं नाही."

"मग ज्यांचं इथं कुणी नातेवाईक नाही अशी माणसं आण!"

हे तो रागानं बोलला होता. पण चेअरमनचा चेहरा उजळला. अशी माणसं असतात, तो म्हणाला. शहरात एक कंपनी आहे. निवडणुकीत कोण येणार ते लोकांना विचारून सांगते, कुठला साबण खपेल तेही सांगते. दूध संघानं मागे तिला लावलं होतं. खर्च भांडार करेल. ती जे सांगेल ते दोघांनी मान्य करायचं.

"मान्य," लोहार म्हणाला. "ते म्हणाले विळे वाईट, तर ही लाल खेळणी मांड. मी तोंड उघडणार नाही."

लोहारणीनं त्याचा हात धरून दाबला, पण तोवर उशीर झाला होता. नांगराचे फाळ, कुदळी, चाकांच्या धावा ही कामं केव्हाच मोठ्या रस्त्यावरच्या वर्कशॉपात गेली होती. भट्टी आता विळ्यांवरच पेटत होती. भांडारानं विळे घ्यायचे थांबवले, की चाळीस वर्षांची भट्टी विझली, इतकं ते सरळ होतं.

आणि विळे वाईट होते. हे लोहाराला माहीत नव्हतं, लोहारणीला माहीत होतं.

विळा घडवणं हे काम नुसत्या ताकदीचं असतं तर तिला काळजी नव्हती. घण तीच मारायची. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता आणि अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलं होतं. खरं काम असे ते शेवटी, पाणी देताना. कडक केलेलं पातं घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हळूहळू तापवायचं. तापताना त्याच्यावर रंग चढत जातात. आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा धारेपाशी पोचला की त्याच क्षणी पातं पाण्यात. आधी बुडवलं तर धार तुटते, नंतर बुडवलं तर मऊ पडून वळते. लोहार पात्यावर वाकून बसे, "आता!" म्हणे आणि बुडवी. तो "आता" चाळीस वर्षं कधी चुकला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तो चुकायला लागला. जांभळा येई, निळा होई, निळ्याचाही राखाडी होई, तरी हा गप्पच. भट्टीच्या पंख्याचं चाक फिरवता फिरवता ती त्याच्या तोंडाकडे बघत राही. पहिल्यांदा ती म्हणाली होती, "अहो, गेला वाटतं." तो हसला होता. "तू घण सांभाळ," एवढंच म्हणाला होता. पुढं एकदा अंगणात तो सुईत दोरा ओवताना दिसला. चार वेळा चुकला, इकडंतिकडं बघितलं, आणि सुई गुपचूप डबीत ठेवून फाटका सदरा तसाच अंगात घातला. त्या दिवसानंतर तिचं तोंड शिवलं गेलं. इतकं प्रेम करू नये माणसावर, पण ते काय आपल्या हातात असतं?

कंपनीचं ऑफिस दोन जिन्यांवर होतं. खुर्च्या अशा, की बसल्यावर माणूस आतच जाई. लोहार त्या खुर्चीत गुडघे वर करून बसला होता आणि चेअरमन त्याच्याकडे बघून हसू दाबत होता. कंपनीच्या मुख्य बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि विचारलं, "तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

"माझे विळे चांगले आहेत हे."

"ते तुम्हाला माहीतच आहे. माहीत नाही ते सांगा."

लोहार खुर्चीत आणखी खोल गेला. चेअरमनच म्हणाला, "लोक वापरतात की नाही, आणि नसतील तर का, ते."

बाईंनी लिहून घेतलं. मग आपले नियम सांगितले. आमची मुलगी घरोघरी जाईल. कुणासाठी विचारतेय हे सांगणार नाही. घरातल्या कर्त्याला नाही, जो वापरतो त्यालाच विचारेल. "आणि ती विळा बघायला मागेल. माणसं तोंडावर गोड बोलतात. वस्तू बोलत नाही, म्हणून आम्ही ती बघतो. तुमचा विळा कसा ओळखायचा?"

आता लोहार खुलला. त्यानं पिशवीतून विळा काढून पात्याच्या बुडाशी ठोकलेली खूण दाखवली. दर साली वेगळी खूण, लोहारीण सुचवायची आणि तो कोरायचा. पान झालं, किल्ली झाली, चिमणी, होडी. गेल्या दोन सालांत मासा आणि कणीस. कुठलं साल कुठलं ते बाईंनी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. त्यांनी लोहारणीकडे मान वळवली. "आणि तुम्ही काय करता?"

"घण मारते."

"तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

"मला? काही नाही," लोहारीण म्हणाली, आणि इतक्या झटकन म्हणाली, की बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेऊन तिच्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

घरी आल्यावर तिला चैन पडेना. मुलगी यायला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी चाऱ्याचं निमित्त काढून ती सगळ्यांत आधी तिखट काकूच्या गोठ्यात शिरली. काकू म्हशीच्या अंगावर पाणी ओतत होती.

"काकू, शहरातून कुणी विळ्यांचं विचारायला येईल. जरा चांगलं सांगा हो. एवढं करा माझ्यासाठी."

काकूनं बादली खाली ठेवली. "म्हणजे? दोन वर्षं आम्ही दुसरं काय करतोय?"

लोहारणीला कळेना. "तुम्हाला... माहीत आहे?"

"पहिल्या पेंढीलाच धार वळते, आणि माहीत नसेल? तुला माहीत आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. मी गल्लीत सगळ्यांना बजावलंय, वहिनीच्या कानावर जाता कामा नये!"

मग काकूला हसू फुटलं आणि हसता हसता दोघींचे डोळे भरून आले. म्हैस मधेच उभी राहून ओली पाठ थरथरवत होती.

"माझा माणूस गेला त्या साली," काकू नाक पुसत म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं माझी सगळी अवजारं न सांगता उचलून नेली आणि धार लावून दारात ठेवली. सात वर्षं झाली. त्याला मी तोंडावर म्हणू, तुझी धार वळते? जीभ झडेल माझी."

लोहारीण पुढं सात घरं फिरली. सातही ठिकाणी हेच. सगळ्यांना ठाऊक होतं. विळे लोक विकतही घेत, एखादा तरी, त्याला दिसावं म्हणून. मग आडात टाकावा तसा माळ्यावर टाकत आणि जुना घासून वापरत. लोहारीण निर्धास्त होऊन घरी आली. इतकं पक्कं गाव तिनं पाहिलं नव्हतं.

मुलगी आली ती पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात ओळखपत्र आणि हातात फॉर्म लावलेली पाटी घेऊन. गावानं तिचं नाव पाटीवाली ठेवलं. पहिल्या दिवशी तिनं बारा घरं केली आणि बारा चहा घेतले. दुसऱ्या दिवशी ती नको नको म्हणत असताना अकरा घेतले. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटानं संप केला, तेव्हा काकूनं तिला ताक पाजून उन्हं उतरेपर्यंत निजवलं. कुणासाठी विचारतेय ते ती सांगत नव्हती आणि अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सगळे "फर्स्ट क्लास" म्हणत. एका म्हाताऱ्यानं विळ्याची तासभर स्तुती केली आणि शेवटी सांगितलं, की आपल्याला संधिवात आहे, विळा सून चालवते. पाटीवालीनं सगळं खोडून सुनेला हाक मारली.

आणि प्रत्येक घरी शेवटी ती म्हणे, "विळा दाखवता?"

लोक आनंदानं दाखवत. गोठ्यातून, वळचणीतून, गवताच्या भाऱ्यातून रोजच्या वापरातला विळा काढून तिच्या हातात देत. ती बुडाची खूण बघे, फॉर्मवर काहीतरी लिही आणि पुढं जाई. काय बोलायचं हे सगळ्यांनी नीट ठरवलं होतं. विळ्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खुणा जिनं सांगितल्या होत्या, त्या लोहारणीच्याही नाही.

वीस दिवसांत आसपासच्या वाड्याही झाल्या. एके दुपारी पाटीवाली भांडारात कागद घेऊन आली. चेअरमन, लोहार आणि लोहारीण खताच्या पोत्यांवर बसले. लोहारानं धुतलेला सदरा घातला होता.

"एकशे चाळीस घरं झाली," ती वाचू लागली. "विळा चांगला आहे म्हणणारी, एकशे चाळीस."

लोहारानं चेअरमनकडे बघितलं. त्या नजरेपुढं चेअरमननं कान खाजवला.

"असा आकडा आमच्याकडे कधीच आला नाही. साबणालासुद्धा नाही. आमच्या बाई म्हणाल्या, तू घरी बसून फॉर्म भरलेस. मग मी त्यांना खुणांचा कागद दाखवला." तिनं पान उलटलं. "वापरात असलेले विळे. पान, एक्कावन्न. किल्ली, अडतीस. चिमणी, एकोणतीस. होडी, वीस. मासा, दोन. त्या दोघांचे आधीचे विळे मोडलेत, म्हणून हे काढलेत. कणीस..." ती जरा थांबली. "कणीस एकही नाही. यातली कुठली खूण कुठल्या सालची हे मला लोकांनी सांगितलं नाही. विचारलं की चहा ठेवायचे."

भांडारात वजनकाट्याचं पारडं वाऱ्यानं हलत होतं. लोहारणीनं पदर तोंडाशी धरला.

लोहार उठून मागच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कणसाचा एक विळा होता. "कणीस गेल्या सालचं," तो म्हणाला. "मासा त्याच्या आधीचा. लिही."

पाटीवालीचा पेन हललाच नाही.

"लिही, बाळ. तुझं काम तू चोख केलंस."

घरापर्यंत तो पुढं आणि ती मागं. बांधावर थांबून त्यानं मूठभर गवत धरलं आणि कापलं. पुन्हा धरलं, पुन्हा कापलं. मग धारेवरून अंगठा फिरवला. वळलेली धार अंगठ्याला कळायला डोळे लागत नाहीत. भट्टीपाशी येऊन तो ऐरणीच्या ठोकळ्यावर बसला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि गावाला?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना," तो म्हणाला. तो हातातला विळा उलटसुलट करू लागला. "मला वाटलं, हात बसला. चाळीस वर्षांनी एकदाचा हात बसला, म्हणून कुणी तक्रार करत नाही. मी रस्त्यानं ताठ चालायचो गं."

आता लोहारणीला आवरेना. ती रडत रडतच बोलली, "तुम्हीच म्हणालात, तू घण सांभाळ."

"म्हणालो असेन." त्यानं मान वर केली. "पण तू कधीपासून माझं ऐकायला लागलीस?"

ती रडता रडता हसली, आणि मग त्याच्या शेजारी त्या एवढ्याशा ठोकळ्यावर अर्धी टेकून बसली. लोहारानं जरा सरकून तिला जागा दिली. डोळ्यांत काय होतंय ते त्यानं तिला पहिल्यांदा सांगितलं. सगळं पिवळं दिसतं, जुन्या कागदासारखं. पिवळा गेला आणि जांभळा आला हे कळतच नाही. अंदाजानं बुडवतो. हंगाम उरकला की डोळे दाखवू, ती म्हणाली. तो बरं म्हणाला.

सकाळी तो चेअरमनच्या दारात उभा राहिला. "शब्द दिलाय, तो मोडत नाही. विळे वाईट आहेत. मांड तुझी लाल खेळणी. पण माझे आहेत ते मला आठ दिवस दे, पुन्हा पाणी देतो."

"दादा, आठ दिवस काय..."

"आठच. नवव्या दिवशी कर फोन कारखान्याला."

एकशे वीस विळे हातगाडीवरून घरी आले. ती गाडी दोघांनी ढकलत आणली, तेव्हा लोक दारांत उभे होते. कुठं बघावं हे कुणाला कळत नव्हतं, आणि लोहाराला तर कळूनही उपयोग नव्हता, असं तोच नंतर म्हणाला.

भट्टीपाशी आल्यावर त्यानं सांडशी तिच्या हातात दिली आणि स्वतः पंख्याच्या चाकाशी जाऊन बसला. "रंग तू सांगायचा. बुडवायचंही तूच."

"मला नाही जमायचं."

"चाळीस वर्षं बघतेस. बघायला कुणी अडवलं होतं?"

पहिलं पातं तिनं भीतीनं लवकर बुडवलं. त्यानं ते लाकडावर आपटलं तर धारेचा टवका उडाला. दुसऱ्यालाही तेच. तिसरं पातं तापलं. चढत जाणारा जांभळा डोळ्यांसमोर होता आणि "आता" हा शब्द तोंडातून निघत नव्हता. तो शब्द त्याचा होता. तिनं वळून बघितलं. तो चाक फिरवत, डोळे मिटून, कान देऊन बसला होता. लहान मुलानं गोष्टीतल्या पुढच्या वाक्याची वाट बघावी तसा.

"आता!" ती ओरडली.

पाणी चर्र झालं. त्यानं पातं हातात घेतलं, अंगठा फिरवला, नखानं वाजवलं आणि कानाशी धरलं. मग पुढच्या पात्यासाठी हात पुढं केला. दुपारपर्यंत तिच्या भुवयांचे केस जळाले होते आणि घसा कोरडा पडला होता. आठ दिवसांत तिनं तो एक शब्द शंभरावर वेळा म्हटला. मधे एकदा तिनं बघितलं तर तो बोटांनी चाचपत नवा ठसा कोरत होता. जुन्या खुणेशेजारी प्रत्येक विळ्यावर त्यानं तो ठोकला. छोटासा घण होता. यंदाची खूण त्यानं तिला विचारली नव्हती.

नवव्या दिवशी पाच तुटलेले सोडून बाकीचे विळे भांडारात मांडले आणि संध्याकाळपर्यंत साठ गेले. पण चेअरमनचा चेहरा काही खुलेना. "प्रेमानं नेतायत, दादा," तो हळूच म्हणाला. "मागेही नेलेच होते. वापरतील का, ते सांगा. मी आणखी चार दिवस फोन थांबवतो." लोहारानं मान हलवली. भेटेल तो म्हणत होता, "फर्स्ट क्लास झालाय, दादा," आणि तो शब्द आता त्याच्या अंगावर काटा आणी.

घरी लोहारीण जेवायला वाढी, तो अर्ध्यातून उठे. दारावरून कापणीला जाणारी माणसं दिसत. त्यांच्या हातांत विळे असत, पण कुठली खूण आहे ते तिलाही इतक्या लांबून दिसत नसे.

चौथ्या दिवशी भर दुपारी अंगणात दाणदाण पावलं वाजली. तिखट काकू आली ती गवताचे काटे पदराला चिकटलेले, घामानं थबथबलेली. तिनं विळा लोहाराच्या पायांशी आपटला.

"ही मूठ आहे का खुंटा? माणसाच्या हातासाठी करतोस का हत्तीच्या? सकाळपासून अख्खा मळा कापलाय, बघ तळव्याला फोड आलाय!"

लोहारानं खाली वाकून चाचपत विळा उचलला. धारेवर गवताचा हिरवा रस वाळला होता. त्यानं टोकापासून बुडापर्यंत अंगठा फिरवला, परत टोकापर्यंत नेला. धार होती तिथंच होती.

"तुझा हात लहान, त्याला मी काय करू!" तो ओरडला.

"लहान? तीस वर्षं याच हातानं गवत कापतेय!"

"मग तीस वर्षं चुकीचं कापतेयस!"

"आजच्या आज तासून दे, नाही तर भांडारात जाऊन सगळ्यांना सांगते कसली मूठ करतोस ती!"

"जा, सांग! मोठ्यानं सांग, चेअरमनला ऐकू जाईल असं सांग!"

काकू तरातरा भांडाराच्या दिशेनं निघाली. जाता जाता तिनं लोहारणीकडे बघून डोळे मिचकावले नाहीत, की ती हसलीही नाही. ती खरोखरच चिडली होती. तळव्याचा फोड खरा होता.

लोहार मूठ तासायला बसला, पण त्याचे हात चालेनात. तो पाठमोरा होऊन सदऱ्याच्या बाहीनं चेहरा पुसत राहिला.

"अहो," लोहारीण म्हणाली, "तक्रार आली."

"ऐकलं," तो म्हणाला. "कान ठीक आहेत माझे."